दौलतदादांची गुरगुरी

अकोल्याच्या बसस्टँडवर मी सभेची पत्रकं वाटत होतो. अमरावतीच्या गाडीतून आमच्या कलापथकाचा ढोलकीवाला गुलाब उतरला आणि तिथंच म्हणाला, "दौलतदादा गेले ना बाप्पा, सकाळी." छातीचं दुखणं जुनं होतं. पण त्यांना आधी गप्प कुणी केलं, ते लिहिल्यावाचून मला राहवत नाही...

दादा अमरावतीत सरकारी कचेरीत कारकून. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या वस्त्यांत जी गाणी उभी राहिली, त्यांतल्या कितीतरी चाली त्यांच्या. नम्रबिम्र मुळीच नव्हते. "वऱ्हाडात खर्ज वाजवणारा मी एकटाच," असं कुणी न विचारता सांगायचे. बडनेऱ्याच्या रेल्वे वसाहतीतून मोडकी गिटार आणून त्यांनी तिची मान तोकडी केली, चार जाड तारा चढवल्या, सूर भोंग्यापर्यंत जावा म्हणून तारांखाली चुंबक बसवला. वाद्य मांडीवर लेकरासारखं बसायचं. खोलीत त्याचा सूर पोटात घुमायचा, मैदानावर मात्र मुका. सभेचा भोंगा खर्ज गिळतो. मग दादांनी जुन्या रेडिओच्या सामानातून पायानं दाबायची पत्र्याची पेटी केली. टाच पडली की तोच सूर फाटून, खरखरत बाहेर यायचा आणि थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. तिचं नाव गुरगुरी. वलगावला एका म्हातारीनं विचारलं, "काहून रे, वाघ आणला का?" दादा म्हणाले, "पाळलेला हाय माय. आपल्या लोकायले नाही चावत."

कलापथक चालवणाऱ्या समितीला मात्र तो चावला. अध्यक्ष म्हणाले, "आता सभेला प्रतिष्ठित मंडळी येतात. वाद्य वाजवा, पण ती पेटी नको."

"पेटी नाही तं आवाज नाही. मले काय शोभेले बसवता?"

त्यानंतर दादांना बोलावणंच बंद झालं. मी बैठकीत भांडलो. उत्तर मिळालं, तुम्ही पत्रकं लिहा, संगीतातलं तुम्हाला काय कळतं!

आणि परवा त्याच समितीनं शोकसभा घेतली. दादांचं वाद्य घरून मागवलं, हार घातला. पेटी नाही मागवली. गुलाबला ते वाजवायला लावलं. त्याची बोटं तारांवर फिरताना दिसत होती, भोंग्यातून नुसती घरघर. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "किती सौम्य वादन होतं दादांचं!" लोकांनी माना डोलावल्या. सौम्य! ज्या माणसानं आयुष्यभर मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून सूर फाडला, त्याला मेल्यावर सौम्य केलं...

वाद्य परत द्यायला मी अमरावतीला गेलो. शांतावहिनींनी ते खुंटीला टांगलं. घर नुकतंच सारवलेलं होतं. दादांच्या खुर्चीपुढं मात्र जमिनीत एक खळगा तसाच होता, टाच टेकून टेकून पडलेला. जेवतानाही त्यांचा पाय तिथं चालायचा. मी तिकडं बघतोय हे वहिनींच्या लक्षात आलं.

"समदं घर सारवलं, भाऊ," त्या म्हणाल्या, "पण तेवढा खड्डा नाही बुजवला. बुजवायले तुमची समिती हाय ना."