मायचं आजारपण

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. एका माणसाला ठाऊक होतं – पण तिला सांगावं लागलं नव्हतं. तिच्यासमोरच घडलं होतं.

मी जळगावचा. ठिबकचा फिटर. यावलकडच्या केळीच्या बागांत नळ्या अंथरण्यात उमर गेली. आमच्या चर्चच्या मंडळीनं केनियाला एक तुकडी पाठवायचं ठरवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथल्या एका चर्चची कोरडवाहू जमीन होती. दिवसा ठिबक बसवायचं, संध्याकाळी प्रार्थनासभा घ्यायच्या. "कोण येणार?" असं पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यात आधी माझा हात वर गेला. जाणारच ना? उपासनेत माझ्याइतकी लांबलचक प्रार्थना करणारा दुसरा होता कोण?

तयारी मनापासून केली – हे खोटं नाही. दर शुक्रवारी उपास. स्वाहिलीतली गाणी पाठ केली. नळीला भोक कसं पाडायचं, ड्रीपर कसा बसवायचा, हे मी बाकीच्यांना शिकवलं. मायनं शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली. मग आम्ही मुंबईला लस टोचून घ्यायला गेलो. तिथली नर्स सहज म्हणाली, "तिकडे ताप आला तर अंगावर काढू नका. मलेरियानं माणसं जातात."

तिनं सगळ्यांनाच सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात ते जाऊन बसलं. प्रार्थनेला डोळे मिटले की परक्या मातीत पुरलेला मीच दिसायचो. मला मरणाची भीती वाटत होती. एवढं सरळ वाक्य – ते म्हणता आलं नसतं का? पाळकसाहेब तर स्वतः विमानाला घाबरायचे आणि सगळ्यांदेखत सांगायचे. कुणी हसलं नव्हतं. मग मला कुणाची लाज होती? बहुतेक माझ्याच त्या लांब प्रार्थनांची.

निघायला महिना उरला होता. दुपारी मी पाळकसाहेबांना फोन लावला. म्हणालो, "मायच्या छातीत दुखतंय. डॉक्टर म्हणाले, सोडून जाऊ नका."

माय समोरच मेथी निवडत बसली होती. धडधाकट. तिनं मान वर केली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

माय शिंदखेड्याकडची, अजून तिकडची अहिराणीच बोलते; मंडळीत तिला सगळे अक्का म्हणतात. मी फोन ठेवल्यावर तिनं एवढंच विचारलं, "त्या भेटाले येतीन ना?"

मी मान हलवली – मंडळीतले सगळे येणारच होते. तिनं मेथी बाजूला सारली, हात धुतले आणि खाटेवर जाऊन पडली. भर दुपारी आडवी झालेली माय मी त्याआधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी सगळे आले. फरशीवर गुडघे टेकले, तिच्या डोक्यावर हात ठेवले. पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माय डोळे मिटून पडून होती. ते गेल्यावर म्हणाली, "देवपुढे मी खोटं निजनू."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. आणि मी? खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. दोन घास जास्तच जेवलो.

माझ्या जागी वसंत गेला. मंडळीतलाच, प्लंबर, माझा दोस्त. आखातात काम केलेलं, त्यामुळे पासपोर्ट होता. ठिबकचं काम मीच त्याला शिकवलं – किती आपुलकीनं शिकवलं! तो परत आला तो तापानं फणफणलेला. मलेरियाच. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. म्हणाला, "बरं झालं तू आला नाहीस. अक्काजवळ कुणी नको का?"

मी मोसंबी सोलत राहिलो. वसंत वाचला. वाचला नसता तर? हा प्रश्न मी स्वतःला कधी पुरता विचारू दिला नाही.

इकडे माय 'बरी' झाली होती. मंडळीसाठी तो चमत्कार होता. दर वर्षी उपकारस्तुतीला कुणीतरी म्हणायचं, "अक्का, साक्ष द्या, कशा बऱ्या झालात ते सांगा." ती घसा बसल्याचं सांगायची. पहिल्या बाकावर बसणारी माझी माय हळूहळू पार मागे, चपलांपाशी बसायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, इथे वारं लागतं.

यंदा पुन्हा तुकडी निघणार आहे; ठिबक शिकवायला मीच होतो. पाळकसाहेब घरी आले. "अक्का, या पोरांच्या डोक्यावर तुम्हीच हात ठेवा. प्रभूनं तुम्हाला कसं उठवलं ते सांगा." मायनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर दाराशी उभी राहून म्हणाली, "आते तू सांगस का मी सांगू?"

आवाजात राग नव्हता. ती थकली होती.

गेल्या आठवड्यात मायला घेऊन सकाळी तयारीच्या बैठकीला गेलो आणि तिथे उभा राहिलो. उघड्या बॅगा, वजनकाटा, औषधांच्या पिशव्या – सगळा पसारा मध्ये होता. मी म्हणालो, माय कधीच आजारी नव्हती. मी घाबरलो होतो. ती माझ्यासाठी झोपली, आणि वसंत माझ्यासाठी गेला.

वसंत हातातली नळी खाली ठेवून बाहेर निघून गेला. पाळकसाहेब मायजवळ जाऊन बसले, तिच्याशी हळू बोलले. मला त्यांनी दुसऱ्या दिवशी तयारीच्या कामातून मोकळं केलं. बरोबरच केलं.

त्या दिवशी बैठकीहून परतताना रिक्षात माय म्हणाली, "भूक लागनी रे." घरी येऊन तिनं भरीत-भाकर पोटभर खाल्ली, आणि दुपारची वेळ असूनही आडवी झाली. लगेच घोरायला लागली. मी बाजूला बसून होतो. अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, आताही वाटतंय – ते लपवत नाही.

वसंत अजून बोलत नाही. समोर आला तर रस्ता बदलतो. मी त्याच्या दारात गेलेलो नाही; माफ कर म्हणून त्याच्या मागे लागायचं नाही. त्याला यायचं तर येईल, नाही तर नाही.