इंडीचा बँड

मी तिकीट काढून बँड ऐकायला पुण्याला जातो, ही गोष्ट आमच्या घरी आजवर कोणालाही पटवून देता आलेली नाही.

आमच्या लातुरात बँड ऐकायला कोणी जात नाही. बँड आपणहून दारावरून जातो, आणि तो एकदाचा कधी जातोय याची लोक वाट बघतात. त्यामुळे मी पाठीला सॅक लावून निघालो की अण्णा, म्हणजे माझे वडील, पेपरातून डोकं वर काढून विचारायचे, "कुठं?"

"पुण्याला. बँड आहे."

"कुणाचं लग्न?"

"लग्न नाही अण्णा. नुसता बँड."

"नुसता?" एवढं म्हणून ते आईकडे बघायचे. निवृत्त मुख्याध्यापक माणूस. गावातली निम्मी पोरं त्यांनी सुधारली, आणि घरातलं एक हातचं गेलं असा त्या बघण्याचा अर्थ असायचा.

मी ऐकतो ते बँड इंडी असतात. म्हणजे त्यांच्यामागे कोणी मोठी कंपनी नसते. गाणी ते स्वतः लिहितात, चाली स्वतः लावतात, स्पीकर स्वतः उचलतात. श्रोतेही बहुतेक वेळा स्वतःच आणतात. माझा सगळ्यात आवडता बँड 'रिकामी खोली'. (नाव बँडचं, पण हॉललाही शोभायचं.) चौघं पोरं. गाणारा अद्वैत डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून गायचा. ड्रमवर सॅम. तो काठ्यांऐवजी ब्रशने वाजवायचा, आणि तेही ड्रम झोपलाय, जागा होईल अशा बेताने. त्यांचं एक गाणं आहे, 'दार लोटून घेतलंय, आता कोणी येऊ नका'. ते ऐकत येताना येरमाळ्याच्या घाटात मी हमखास रडायचो. शेजारचा प्रवासी समजुतीने खिडकी उघडून द्यायचा. त्याला वाटायचं, गाडी लागली.

या पंथाचे नियम कडक आहेत. नाचायचं नाही. हाताची घडी घालून उभं राहायचं आणि मान जराशी हलवायची. आणि शब्दाशी तडजोड करणाऱ्याला माफी नाही. एका बँडने चहाच्या जाहिरातीसाठी आपल्या गाण्यातला एक शब्द बदलला, तेव्हा मी त्यांना ऐकणं सोडलं आणि इंटरनेटवर त्यांचा निषेधही केला. 'शब्द हा बँडचा प्राण असतो' असं त्यात एक वाक्य होतं. ते मला स्वतःलाच फार आवडलं होतं. या सगळ्या सेवेच्या बदल्यात माझी एकच इच्छा होती, की अद्वैतने एकदा तरी स्टेजवरून माझं नाव घ्यावं.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा नांदेडचा. पाहुण्यांनी काही म्हणजे काही मागितलं नाही. फक्त व्याही म्हणाले, "आमचं एकच म्हननं हाय. परण्या दणक्यात निघाला पायजे."

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून, वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो तो. व्याह्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात म्हणे बँडच आला नव्हता, आणि नवरदेव मुक्यानेच मारुतीला जाऊन आला. भावकी अजून हसते. तेव्हा यावेळी तसं झालं तर आपण मांडवातून उठून जाऊ, असं त्यांनी चहा पिता पिता अगदी प्रेमाने सांगितलं.

लग्नाचा सगळा इंतजाम मुरुडच्या मामांनी अंगावर घेतला. मामांचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे आणि आवाजही त्याच धंद्यातला आहे. सगळ्यांना कामं वाटून झाली आणि ते माझ्याकडे वळले.

"महेशा, बँड तुझ्याकडं. त्यातलं तुलाच कळतंय. येवढं सारखं पुन्याला जातूस."

मला भरून आलं. घरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या छंदाची दखल घेत होतं. मला वाटलं, मांडवात पंगती बसतील तेव्हा मंद काहीतरी वाजवायचं, ते मामा माझ्यावर सोपवतायत. परण्याला काय, लातूरचा नेहमीचा ब्रास बँड असणारच.

"मग आपला 'रिकामी खोली' बोलावू, मामा. इंडी आहे."

"इंडीचा?" मामांनी भुवया वर केल्या. "लई लांबून आननार म्हन की. पर चालतंय. कर्नाटकातली मानसं जोरात वाजवतेत. किती जन?"

"चार."

"चारच?"

"ते मिनिमल असतात, मामा."

"हां, म्हंजी कमीत कमी चार. बाकीचे मागून येतेत. डिरेस?"

"काळे टी-शर्ट."

"शुभकार्यात काळं न्हाई. लाल कोट सांग त्यास्नी."

मी अद्वैतला भीत भीत फोन केला. लाल कोट म्हटल्यावर तो म्हणाला, "कमाल. फारच खोल आयडिया आहे." मीही ती आयडिया माझीच असल्यासारखा हसलो.

लग्नाच्या सकाळी मी कार्यालयात गेलो, तर कमानीवर भला मोठा फ्लेक्स. 'इंडी (कर्नाटक) येथील सुप्रसिद्ध रिकामी खोली ब्रास बँड पार्टी'. खाली लाल कोट घातलेल्या वीस-पंचवीस अनोळखी माणसांचा फोटो. मामांनी तो कुठून तरी पैदा केला होता.

"मामा, परण्याला बँड कुठला आहे?"

"कुठला म्हंजी? तुजाच की."

"आणि आपला लातूरचा?"

"त्याला कवाच न्हाई म्हनून सांगितलं. आज त्यो औश्याला हाय."

"मामा, ऐका. इंडी म्हणजे गाव नाही."

"गाव न्हाई?" मामांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "मग माजे साडू कुठं ऱ्हातेत? दर साली लिंबाचं पोतं आनतेत, ते काय हवेतून?"

विजापूरकडच्या इंडी या तालुक्याच्या गावापुढे माझं काहीच चाललं नाही. तेवढ्यात 'रिकामी खोली' येऊन उतरली. चौघंही लाल कोटात. अद्वैतने इकडेतिकडे बघून विचारलं, "स्टेज कुठे आहे?"

"स्टेज चालणार आहे," मी म्हणालो.

मामांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली होतीच. तिच्यावर जनरेटर, दोन स्पीकर आणि ही चौघं बसवली. अद्वैतला गायला भिंत लागते. भिंत नव्हती, म्हणून त्याने जनरेटरकडे तोंड केलं. मागे घोडी, घोडीवर नवरदेव, त्यामागे टोपी-फेट्यातलं सगळं नांदेड. मामांनी हात केला आणि बँड सुरू झाला.

म्हणजे सुरू झाला असावा. पहिली काही मिनिटं ते जुळवाजुळव करतायत असंच सगळ्यांना वाटलं. सॅम ब्रशने ड्रम पुसत होता. ताल इतका सावकाश होता की त्यावर चालायचं तर एक पाऊल टाकून थांबावं लागत होतं. घोडीने मान खाली घातली आणि डोळे मिटले. नवरदेवाच्या आजोबांनी शेजारच्याला विचारलं, "कुनी गेलं का?"

आणि मग अद्वैत गायला लागला. 'दार लोटून घेतलंय, आता कोणी येऊ नका.'

व्याही जागच्या जागी उभे राहिले. "काय म्हनून राहिला ह्यो?"

"आता कोनी येऊ नका म्हंतो," त्यांच्या भावाने सांगितलं.

"कोनाला? आमाला?"

'येऊ नका,' अद्वैतने डोळे मिटून खात्री दिली.

"नांदेडवरून आलो आमी. अन् येऊ नका म्हनून बँड लावून सांगतेत? उतर रे खाली," व्याही नवरदेवाला म्हणाले. नवरदेव घाबरून उतरायला लागला. त्याने घोडी जागी झाली आणि उलटी फिरली. आता परण्याचं तोंड मारुतीऐवजी नांदेडकडे झालं. अण्णा हात जोडून व्याह्यांपुढे उभे राहिले. अण्णांना मी आयुष्यात कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

त्यात खिशातला फोन वाजला. पल्लवी.

"दादा, परण्या कुठवर आलाय? आवाज कसा काय येत नाही?"

"निघालाय."

"निघालाय का थांबलाय? दादा, खरं सांग. तुझा तो रडका बँड आणलायस का?"

मी फोन ठेवला आणि ट्रॉलीवर चढलो.

"अद्वैत, तेवढा एक शब्द बदल. फक्त आजच्यापुरता."

अद्वैतने डोळे उघडले. इतक्या वर्षांत त्याचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. "त्या चहावाल्यांबद्दल तूच लिहिलं होतंस ना? शब्द हा बँडचा प्राण असतो?"

इतका मन लावून माझं लिखाण वाचणारा वाचक मला भेटला होता, आणि त्याला आत्ताच्या आत्ता ट्रॉलीवरून ढकलावं असं वाटत होतं.

"आरं गप की, आदवैत्या," मागून आवाज आला. "पोरीचं लगीन मोडून राहिलं, अन् तुझं काय चाललंय?"

मी वळून पाहिलं. सॅम.

"सॅम, तू कुठला?"

"भोकरचा हाव की मी. समाधान नाव माजं."

नांदेडपासून तासाभरावरचं भोकर. गेली चार वर्षं मी या माणसाशी 'मला असं जाणवतं की' अशा चालीवर पुणेरी बोलत होतो, आणि तोही माझ्याशी तसाच. दोघांनीही एकमेकांना पुण्याचं समजून जीव मुठीत धरून मराठी सांभाळली होती. आता कळून उपयोग नव्हता.

समाधानने ब्रश फेकले, काठ्या उचलल्या आणि भोकरच्या गणपतीत वाजवायचा तो ताल धरला. घोडीने ताडकन मान वर केली. मग त्याने अद्वैतच्या हातातला माईक ओढला आणि मोठ्याने गायला. 'दार उघडून ठिवलंय, आता समदे येऊ द्या.'

"येऊ द्या," गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"येऊ द्या, येऊ द्या," नांदेडच्या पोरांनी धरलं. व्याही थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले. "हां. ह्ये बराबर हाय," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून नाचायला लागले. त्यांच्यामागे भाऊ, भावामागे आजोबा. घोडी मारुतीकडे वळवून नवरदेवाला परत वर बसवलं. अद्वैत बिचारा माईक नसताना जनरेटरला तोंड लावून 'येऊ नका' म्हणत होता. त्याचं जनरेटरनेही ऐकलं नाही.

मी सवयीने हाताची घडी घालून मान हलवत उभा होतो. मामांनी खालून पाहिलं. "मयतीला आल्यावानी काय हुबा राहिलास? उतर."

मी उतरलो आणि नाचलो. माझं सगळ्यात दुःखी गाणं, ज्याच्यावर मी अख्खा येरमाळा घाट रडलेला, त्यावर मामांच्या खांद्याला खांदा लावून नाचलो. कार्यालयावरून जाताना वर पाहिलं, तर गच्चीत पल्लवी मुंडावळ्या सावरत हसत होती. मग मला कशाचंच वाईट वाटेना. नवरदेव वेळेत मारुतीला पोचला, अक्षता वेळेत पडल्या, आणि पंगतीत व्याह्यांनी मामांना स्वतःच्या हाताने जिलबी भरवली.

"इंडीचं काम एक नंबर," ते म्हणाले. "आमच्या पुतन्याला ह्येच पायजेत. तुमचा नंबर द्या."

तेव्हापासून 'रिकामी खोली' रिकामी नसते. नांदेडपासून शिरूर अनंतपाळपर्यंत त्यांना 'इंडीवाले' म्हणतात. तारखा मुरुडला, मामांच्या दुकानातून मिळतात. अद्वैतने लाल कोट शिवून घेतलाय आणि 'येऊ द्या' तो आता स्वतः गातो, डोळे उघडे ठेवून. मी इंटरनेटवर कसलाही निषेध केलेला नाही.

परवा त्यांचा पुण्यात कार्यक्रम होता. मी गेलो. हॉल भरलेला, उभं राहायला जागा नाही. मला दाराजवळ कशीबशी मिळाली. शेवटच्या गाण्याआधी अद्वैत माईकजवळ आला आणि म्हणाला, "आज आपल्यात एक खास माणूस आलाय. त्याच्याशिवाय आम्ही इथवर पोचलो नसतो." मी शर्ट सारखा केला.

"जोरदार टाळ्या," अद्वैत माझ्याकडे हात करून म्हणाला, "आमच्या मामांचा भाचा!"