शुक्रवारची अर्धी प्लेट

"बसते न, मॅडम?"

हा प्रश्न विचारताना मंचुरियनची प्लेट आमच्या विज्ञानाच्या मॅडमच्या दोन्ही तळव्यांत, हनुवटीच्या जरा खाली, निरांजन धरावे तशी धरलेली असे. आधी वास. डोळे मिटून, सावकाश, वाफ पार आत ओढून घेत. मग हा प्रश्न. वजन कमी करणाऱ्या बाईच्या आहारात ही अर्धी प्लेट बसते का, एवढेच त्यांना विचारायचे असे. माझ्या तोंडून "बसते" आल्याशिवाय त्या चमचा उचलीत नसत. खाण्याआधी कुणाची तरी संमती मागणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांना त्यात फक्त सोबत हवी असते. त्यांना मात्र खरेच उत्तर हवे असे.

लाखनीच्या शाळेत त्या विज्ञान शिकवीत आणि मी मराठी. दोघी भंडाऱ्याहून ये-जा करीत असू. शाळा सुटली की महामार्गाच्या कडेला एसटीची वाट पाहायची. समोरून ट्रक जात, त्यांच्या मागे डिझेलचा गरम श्वास रेंगाळे. धानाच्या दिवसांत त्यात तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, कोरडा, गोडसर वास मिसळे. आणि या सगळ्यांवर मात करून चायनीजच्या गाडीवरचा लसूण आमच्यापर्यंत येऊन पोहोचे.

शरीराने त्या मोठ्या होत्या आणि त्या मोठेपणाची त्यांनाच सर्वांत आधी गंमत वाटे. बसमध्ये मला खिडकीकडे सरकवीत त्या कंडक्टरलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "सरका मॅडम, सरका. तिकीट एक हाय, पण सवारी दीड हाय." हसताना त्यांचे खांदे आधी हलत, आवाज मागाहून येई.

मग त्यांच्या धाकट्या भावाचे दुखणे निघाले. लाखांदूरकडच्या एका गावात त्याची धानाची शेती होती. दारूचा थेंब न घेतलेला माणूस. पण जुनी कावीळ आत दबा धरून बसली होती आणि तिने त्याचे यकृत हळूहळू निबर करून टाकले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, घरातल्या कुणी यकृताचा भाग दिला तर हा वाचेल. त्यांचा रक्तगट जुळला. बाकी सगळे जुळले. अडचण एकच होती: त्यांच्या स्वतःच्या यकृतावर चरबी चढली होती. वजन उतरवा, चरबी उतरू द्या, मग पुन्हा तपासू, असे डॉक्टर म्हणाले.

स्टाफरूममध्ये त्यांनी ही बातमी आपल्या पद्धतीने सांगितली. "आतापर्यंत लोकाइले माही बाहेरची चरबी दिसत होती. पहिल्यांदाच कोणाले आतल्या चरबीची काळजी वाटून राहिली, बाप्पा." आम्ही हसलो. त्याही हसल्या. मग ओढणीचे टोक त्यांनी बराच वेळ बोटाला गुंडाळले आणि सोडले.

त्या आठवड्यात सातवीच्या वर्गावरून जाताना मी थांबले होते. फळ्यावर त्यांनी तपकिरी खडूने यकृत काढले होते, मोठे, तिरके. "याची गंमत सांगू? कापलं तरी हे पुन्हा वाढते. शरीरात असा दिलदार दुसरा कोणी नाही." मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, मंग तुमचं पण वाढन?" गावात बातमी पोहोचली होती. त्या फळ्याकडे वळल्या आणि खडूची रेघ आणखी ठळक करीत म्हणाल्या, "माहं? माहं तं दुप्पट वाढन. मले ओळखत नाही का तू?"

आमचा जिल्हा तांदळाचा. इथे जेवला का विचारायचे तर भात खाल्ला का असे विचारतात. त्यांनी एका दिवसात भात सोडला. त्याविषयी चकार शब्द काढला नाही. तळण, साखर, लग्नातली पंगत, सगळे सोडले. पहाटे रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. सुटेना ते एक मंचुरियन. गाडीवाला त्यांना चिडवी, "मॅडम, भात सोडला आन् कोबीचे गोळे नाही सुटत?"

"तुह्यासाठी खाऊन राहिली मी," त्या म्हणत. "नाही तं तू कोणाच्या जिवावर जगशील गा?"

नागपूरच्या आहारतज्ज्ञ मुलीने त्यांना विचारले होते की, कशावाचून राहवणार नाही ते सांगा. त्यांनी खरे सांगितले. त्या मुलीने दिवसभराचे खाणे मांडून पाहिले आणि म्हणाली, आठवड्यातून एकदा अर्धी प्लेट चालेल. त्या रात्री मग फक्त काकडी आणि ताक. बाकीचे पथ्य नीट असेल तर एवढे बसते. परत येताना बसमध्ये त्या शाळकरी मुलीसारख्या फुलल्या होत्या. शुक्रवार ठरला. अर्धी प्लेट त्यांची, अर्धी माझी.

त्या एवढ्या का आनंदल्या ते मला पहिल्याच शुक्रवारी कळले. चमचा उचलण्याआधी त्यांनी भावाला फोन लावला. ट्रकांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून पातळ, थकलेला आवाज आला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात.

"बाई, आली का प्लेट?"

"आली न."

"सांग मंग."

त्याचे मीठ बंद झाले होते. तेल बंद, मसाला बंद. घरात त्याच्यासाठी शिजणाऱ्या अन्नाला वास म्हणून उरला नव्हता. पूर्वी धान विकायला लाखनीकडे आला की तो याच गाडीवर बहिणीला घेऊन उभा राहात असे. आता तिने खायचे आणि त्याने ऐकायचे असे दोघांचे ठरले होते.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. "तिखट हाय. मस्त हाय." आणि अडकल्या. फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. "मॅडम, मराठी शिकवता न तुम्ही? सांगा न. या वासाले काय म्हणू?"

मी घास तोंडात घोळवला. म्हटले, सांगा की लसणाची कड करपली आहे, तो कडवटपणा आधी जिभेच्या मागे लागतो आणि त्याला धरून गोडवा येतो. कोबी अजून दाताखाली बोलते आहे. कांद्याची पात वर हिरवी, कच्ची, थंड आहे.

त्यांनी हे सगळे शब्दशः सांगितले.  मग तो हसला. "बाई, हे तुहं नाही. हे मराठीच्या मॅडमचं हाय. तुह्या तोंडून कधी कोबी बोलली होती?"

असे शुक्रवार येत गेले. मी आठवडाभर त्या पाच मिनिटांसाठी शब्द गोळा करीत असे. वर्गात कविता शिकवताना एखादे विशेषण बाजूला काढून ठेवत असे. उन्हाळ्याची वाफ, मिरचीची नाकाच्या शेंड्यावर उमटणारी ठिणगी, सॉसचा पावसाळी गंजासारखा रंग. तो प्रत्येक वेळी हावरटपणे म्हणे, "आखीन सांग." त्यांच्या गालांवरचे मांस उतरत होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. सगळे नीट चालले आहे असेच वाटत होते.

पहिल्या तपासणीत वजन पुष्कळ उतरलेले निघाले. यकृतावरची चरबीही उतरली होती. पण डॉक्टरांना हवी होती तेवढी नाही. थोडी अजून होती. तीन आठवड्यांनी पुन्हा या, म्हणाले. पथ्य चांगले चालले आहे, असेच चालू द्या.

त्यांनी तसे चालू दिले नाही. प्लेट बंद केली. पण शुक्रवारी फोन आलाच. भावाला निराश करणे त्यांच्याने होईना. त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली, समोर उभ्या राहिल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे एकटक पाहात सांगू लागल्या, "गरम हाय. आज आलं जास्त पडलं." मी चावत होते आणि त्या माझे डोळे वाचत होत्या.

"बाई," तो मध्येच म्हणाला, "तू खाऊन नाही राहिली."

"खाऊन राहिली न."

"तुह्या तोंडात घास नाही. मले समजते."

त्यांनी फोन छातीशी धरला. गाडीवाल्याने गॅस बारीक केला. मग त्या फोनमध्ये म्हणाल्या, "तोंड भाजलं गा. थांब जरा." आणि मला खूण केली की खा, लवकर खा, आवाज करून खा.

दुसरी तपासणी झाली त्या दुपारी मी वर्गात होते. फोन आला. "मॅडम, पास झाली मी." आवाज सपाट होता. मी अभिनंदन करायला तोंड उघडले आणि त्या पुढे म्हणाल्या, "त्याच्या पोटात पाणी साठलं होतं, त्यात इन्फेक्शन झालं. आयसीयूत नेलं. आता ऑपरेशन नाही करता येत म्हणतात." त्याच आठवड्यात तो गेला.

मी भेटायला गेले तेव्हा त्याची बायको ओसरीत बसली होती. ती मला म्हणाली, "तुमीच का त्या मराठीच्या मॅडम? शुक्रवारची लय वाट पाहेत ते. त्या दिवशी बिनामिठाचा भातही पोटभर खाऊन घेत." हे तिने मायेने सांगितले. दाराशी उभ्या असलेल्या त्या हे ऐकत होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि आत निघून गेल्या.

शाळेत परतल्या त्या सडपातळ होऊन. काय घडले ते ठाऊक नसलेली माणसे त्यांना रस्त्यात थांबवीत. बसमध्ये एक ओळखीची बाई कौतुकाने म्हणाली, "किती बारीक झाल्या वो मॅडम! काय केलं? आमालेही सांगा." त्यांनी तिला खरोखरच सगळे सांगितले. भात बंद. तेल चमचाभर. पहाटे चालणे. सूर्य मावळायच्या आत जेवण. मग म्हणाल्या, "आन् हप्त्यातून एकदा अर्धी प्लेट." इथे त्या थांबल्या. त्या बाईचा दंड धरून विचारले, "बसते न वो तेवढी? तुमाले काय वाटते?"

ती बाई गडबडली. म्हणाली, "अर्ध्या प्लेटनं काय होते? बसते न."

हा प्रश्न आता त्या सर्वांना विचारू लागल्या. आहारतज्ज्ञ मुलीला त्यांनी पुन्हा फोन केला. ती म्हणाली, मॅडम, तेवढे मी धरूनच आहार लिहिला होता, तुमचे वजन उतरलेच ना? डॉक्टरांकडेही जाऊन आल्या. ते म्हणाले, वर्षानुवर्षांची चरबी आपल्या वेगानेच उतरते, त्या चार घासांनी काही अडले नाही. त्यांनी सगळ्यांचे नीट ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मी विज्ञान शिकवते, मॅडम. मले समजते ते खरं सांगतात."

"मग?"

"पण तीन आठवडे, मॅडम. ते तीन आठवडे कशाचे होते?"

 अर्धी प्लेट आहारात बसते, हे हिशेबाने खरे होते. त्या अर्ध्या प्लेटमुळे एका मरणाऱ्या माणसाने आठवड्यातून एकदा पोटभर भात खाल्ला, हेही खरे होते. त्यांनी यातले काहीच नाकारले नाही. त्यांना एकच हवे होते, ते तीन आठवडे परत.

एकदा मीच म्हटले, "आता तरी थोडा भात खात जा. हाडे दिसू लागली तुमची."

त्यांनी दचकून पोटावर, उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली हात ठेवला. झोपलेल्या लेकराला कुणी उठवील म्हणून ठेवावा तसा. "नको," म्हणाल्या. "ते खराब होईन."  त्या हाताखाली काहीतरी स्वच्छ, तयार, बोलावण्याची वाट पाहात होते आणि बोलावणारा उरला नव्हता. त्यानंतर शाळेच्या व्हरांड्यात त्या एकट्या उभ्या दिसल्या की माझे लक्ष आधी त्या हाताकडे जाई.

पुढच्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली. भावाच्या गावाजवळची लहानशी शाळा. वहिनी आणि तिची मुले यांच्यासोबत त्या राहू लागल्या. बसच्या बाकावर माझ्या शेजारी आता कुणीही बसते आणि मला सरकावे लागत नाही.

हिवाळ्यात लाखांदूरला कामानिमित्त गेले तेव्हा वाट वाकडी करून मी त्या शाळेत गेले. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत बगळे उतरले होते. दुपारच्या खिचडीची वेळ होती. व्हरांड्यात मुले ताटल्या मांडून ओळीने बसली होती. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने अन्नाची चव घ्यायची असते. ते काम त्यांनी आपण होऊन मागून घेतले होते, असे तिथल्या गुरुजींनी मला सांगितले. त्यांनी मला अजून पाहिले नव्हते.

स्वयंपाकीण बाईने पातेल्यावरचे झाकण काढले. हळदीची, मुगाची, नव्या तांदळाची पांढरी वाफ वर आली आणि त्यांचा चेहरा तिच्यात नाहीसा झाला. वाफ विरली तेव्हा त्यांच्या हातात चमचाभर भात होता. त्या त्याच्याकडे पाहात राहिल्या.  एका लहान मुलीने ताटली वाजवली.

"खा न वो मॅडम," ती म्हणाली. "भूक लागली."

त्यांनी घास तोंडात घातला. गिळायला फार वेळ लागला.  मग रिकामा चमचा पदराने पुसत त्या स्वयंपाकीण बाईला म्हणाल्या, "बराबर हाय. वाढा पोट्ट्याइले."