काकूंच्या हातचे चार डबे

नवं कापड आधी भिजवायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची, हा शिंपीकाकांचा चाळीस वर्षांचा नेम. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ वाटेला लावत. आणि हाच माणूस गुंडीच्या बाबतीत मात्र साफ चुकला बघा!

गुंडी म्हणजे त्यांची कुत्री. त्यांची कसली, काकूंची! काकू दर रविवारी तिच्यासाठी भात, कोंबडी आणि गाजर एकत्र शिजवून डबे भरत आणि फ्रीजरमध्ये रचून ठेवत. काकू अचानक गेल्या तेव्हा चार डबे उरले होते. काकांनी ते पार आत सरकवले. तिच्या हातचं आता एवढंच होतं, ते संपवायचं कसं? दुसऱ्या दिवसापासून गुंडीपुढे दुकानातल्या कुत्र्यांच्या खाण्याच्या पुड्यातले कोरडे दाणे, भांडंभर.

तीन दिवसांत जनावराची रया गेली. जुलाब, उलट्या. लेक म्हणाली, "बाबा, आईसाठी झुरतेय हो ती." खरं सांगायचं तर काकांना बरंच वाटलं, आपल्या जोडीला कुणीतरी आहे म्हणून. त्या नादात आणखी दोन दिवस गेले.

गुंडी उठेनाशी झाली तेव्हा कुठे तिला उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सलाईन लावलं आणि काकांना चांगलं झापलं. "एका दिवसात कुणी खाणं बदलतं का? पोट बिघडलंय तिचं. आता जुनंच द्या थोडं थोडं, मग हळूहळू नवं मिसळा. पोटात काही गेलं नाही तर हाती लागायची नाही."

लेकीनं घरी तसाच भात शिजवला. गुंडीनं हुंगून तोंड फिरवलं. काका बराच वेळ फ्रीजपाशी घुटमळले आणि मग एक डबा काढला.

त्यातलं अर्धं ऊन केल्यावर वाफ आली. काकांना राहवेना, त्यांनी एक घास तोंडात टाकला. अळणी! कुत्रीचंच खाणं ते, मीठ कुठून असणार? उरलेलं त्यांनी बोटांनी भरवलं. गुंडी पडल्यापडल्या सगळं खाऊन गेली.

मग रोज अर्धा डबा, आणि चौथ्या दिवसापासून त्यात चिमूटचिमूट दाणे. आठव्या दिवशी गुंडी शेपटी हलवत दाराशी धावली आणि चौथा डबा रिकामा झाला.

"द्या बाबा, मी घासते," लेक म्हणाली.

"राहू दे गं आजचा दिवस," काका म्हणाले, आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदा ढसाढसा रडले.