नदीपलीकडच्या माद्या

संशोधन संस्थेत तिला सगळे सरडेमावशी म्हणत. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत काचेच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत वाळू, दगड आणि वर तापलेला दिवा. पेट्या साफ करायच्या, किडे सोडायचे, पाणी शिंपडायचं, कोण खातंय आणि कोण रुसलंय ते बघायचं, हे तिचं काम. नवरा म्हणायचा, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि आमच्या बाईची सरड्यापर्यंत." तो स्वतः दगडाच्या खाणीवर डंपर चालवून निवृत्त झालेला. धुळीने छाती धरलेली, पण जीभ शाबूत.

कोपऱ्यातल्या पेटीत एक नर होता. अंगाने मातकट, शेपटीकडे बघितलं तर वाळकी काडी. पण दिवा लागला की दगडावर चढून गळ्याची निळी झालर अशी फुलवायचा, की मावशीच्या हातातलं काम थांबायचं. तो त्याच खाणीच्या काठावर सापडला होता. गवताळ माळावरचा हा सरडा इथून तिथून एकच, असंच सगळे धरून चालले होते. म्हणून विभागाच्या प्रमुख बाईंनी नदीपलीकडच्या माळावरून माद्या आणवल्या आणि त्याचा संसार थाटून दिला.

संसार काही लागेना. नर झालर फुलवून फुलवून दमायचा आणि माद्या दगडाआड पाठ करून बसायच्या. त्यांनी अंडी घातली, पण ती फळलेली नव्हती. ओल्या वाळूत पिवळी पडली, खचली आणि सुकली. दुसऱ्या हंगामात तेच, तिसऱ्यात तेच. मावशीने जंग जंग पछाडलं. दिवा वर केला, खाली केला, वाळू बदलली, सुट्टीच्या दिवशीही येऊन बसू लागली.

"मावशी, वाळू कोरडी तर पडत नाही ना?" एकदा बाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, तरी ते मावशीच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी तिने डबा तसाच घरी परत नेला.

मग बाईंनी सगळ्यांच्या शेपटीचे कण तपासायला पाठवले. निकाल आला तशा त्या खाली आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकले मी. हा एक सरडा नाहीच. एकाच कातड्याखाली चार जाती लपल्यात. दिसायला जुळ्या भावंडांसारख्या, पण रक्ताने कधीच्या वेगळ्या."

"कधीच्या म्हणजे?"

"माणूस नव्हता तेव्हाच्या. मधे नदी आली. अलीकडचे अलीकडे वाढले, पलीकडचे पलीकडे. प्रत्येकाची झालर फुलवायची लय हळूहळू बदलत गेली. हा बोलावतोय, पण त्यांना ते बोलावणं वाटतच नाही."

मावशी पेटीकडे बघत राहिली. "इतकी वर्षं बिचारा भिंतीशी बोलत होता की हो. मग याच्या जातीची मादी आणू या."

"त्यासाठी तर आलेय. उद्या खाणीवर निघायचं."

खाणीवर आता माळ नव्हताच. गाव मावेल एवढा खड्डा, तळाशी हिरवट पाणी, आणि काठच्या काटेरी झुडपांवर दगडाच्या भुकटीचा पांढरा थर. दगडांत राहणारे दुसरे सरडे तेवढे दिसले. बाई ऊन उतरेपर्यंत वाकून वाकून शोधत होत्या.

घरी आल्यावर मावशीने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो थट्टा करील म्हणून तिने आधीच तोंड फिरवून ठेवलं होतं. पण तो उठून बसला.

"तिथे कमरेएवढं गवत होतं," तो म्हणाला. "नवीन भाग खणायला घेतला की आधी मी गाडी फिरवून गवत दाबायचो. चाकापुढून असे फटाफट पळायचे."

"निळ्या गळ्याचे?"

"असतील. कोण बघतो गं? मी नसतो तर दुसरा कुणी असता."

"हो," ती म्हणाली. मुलीचं शिक्षण, हे दोन खोल्यांचं घर, सगळं त्याच डंपरवर उभं राहिलं होतं. त्याला बोल लावायला तिची जीभ उचलेना, आणि नाही लावला म्हणूनही बरं वाटेना.

पुढच्या उन्हाळ्यात तोच तिला जुन्या स्कूटरवर बसवून नेऊ लागला. गवताचा एखादा पट्टा राहिला असेल अशा जागा त्याला ठाऊक होत्या. एकीकडे गोदामं झाली होती, दुसरीकडे राडारोड्याचे ढीग. एका उतारावर खरंच गवत होतं. दोघं सकाळभर बसून राहिली. तो खोकत होता आणि खोकला दाबत होता, सरडे बिचकतील म्हणून. काही हललं नाही.

पावसाळ्याच्या तोंडी नराने खाणं सोडलं. मावशीने चिमट्याने किडा तोंडाशी धरून पाहिला. एका सकाळी तो दिव्याखाली तसाच पडून होता, झालर मिटलेली. बाईंनी त्याला स्पिरिटच्या बरणीत ठेवलं. नवी जात म्हणून त्याला नाव मिळालं, वरच्या मजल्यावर चहापान झालं, फोटो काढायचं ठरलं. पलीकडच्या माद्या त्यांच्या माळावर परत सोडल्या गेल्या.

"मावशी, चला ना फोटोला," बाई स्वतः बोलवायला आल्या.

"तुम्ही व्हा पुढे. बाकीच्यांना अजून खायला घालायचंय," मावशी म्हणाली आणि पुढच्या पेटीचं झाकण उघडलं.