सरांचा परिचय मी लिहिला

आमच्या कॉलेजच्या जिमखान्याबाहेर सॉफ्टबॉलच्या सरांचा जो परिचय लागला होता, तो मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी सरांना दोष देणार आहे, तेव्हा कुणी मला साळसूद समजू नये.

मी विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहायचे. फीवाढ, बंद पडलेली वाचनालयाची खिडकी, लेडीज रूममधलं न येणारं पाणी. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडली: वाचणारा चालता चालता वाचतो, म्हणून तो जिथे अडखळेल ते काढून टाकायचं. जिमखान्याच्या मॅडमना हे ठाऊक होतं. नवे सर आले तेव्हा त्यांनी सरांचा तीन पानी बायोडेटा माझ्या हातात ठेवला आणि एका पानात बसव म्हणाल्या. मी टीमची कॅचर, पिचरने टाकलेला चेंडू झेलणारी, म्हणजे घरचंच काम.

बायोडेटात सगळं प्रामाणिक होतं. खेळाडू म्हणून राज्याच्या संघात पिचर, दोन मोसम. पुढे कोरं. कोच म्हणून चार कॉलेजं, प्रत्येकासमोर साल, प्रत्येक ठिकाणी एकच वर्ष. सालांमुळे ओळ लांबत होती. मी सालं काढली आणि लिहिलं, 'राज्य संघाचे माजी पिचर. चार नामवंत महाविद्यालयांच्या संघांचे प्रशिक्षक.' 'नामवंत' हे माझ्या पदरचं. ते सोडलं तर एक शब्द खोटा नव्हता, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

प्रॅक्टिस सकाळी शिवाजी पार्कात, क्रिकेटच्या नेट्समागे उरलेल्या कोपऱ्यात. आमची पिचर माझ्याच वर्गातली, डिलाईल रोडच्या चाळीतली. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये शिरायचं, तिथून राज्याच्या, आणि खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात, हा रस्ता तिच्या घरात सगळ्यांना पाठ होता. सॉफ्टबॉलचा पिचर हात पूर्ण गोल फिरवून चेंडू खालून सोडतो. तिचा हात असा फिरायचा की क्रिकेटवालेही वळून बघायचे.

सर शांत. कधी आवाज चढवला नाही. उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि चेंडू उचलून द्यायचे तो डाव्या हाताने. आम्हाला वाटायचं, डावरे असतील. बाकीच्या चहाला गेल्या की सर पिचरला आणि मला थांबवायचे. अजून पन्नास. मग अजून पन्नास. एकदा तिने खांदा चोळला तेव्हा ते म्हणाले, "दुखतंय म्हणजे बसतंय." टीमने त्याची चेष्टाच करून टाकली. कुणाचं पोट दुखलं, बसतंय. कुणाचा बॉयफ्रेंड रुसला, बसतंय.

कॅचरच्या तळहाताला पिचरची तब्येत तिच्या आईच्या आधी कळते. पहिले वीस चेंडू ग्लोव्हमधूनही चटका द्यायचे. मग आवाज बोदा व्हायचा. मला कळत होतं. मी गप्प होते, कारण आम्ही जिंकत होतो.

परळच्या एका मैदानावर सरावाची मॅच होती. समोरच्या टीमची एक मुलगी वही घेऊन स्कोर लिहीत बसली होती. सर दिसले तशी तिने खुर्ची उचलली आणि झाडामागे नेली. मॅच संपल्यावर ती माझ्याकडे आली. सरांच्या आधीच्या कॉलेजची ती. मी विचारलं, तू नाही खेळत? पिचर होते, म्हणाली. मग आमच्या पिचरकडे बघत तिने विचारलं, "हिला स्वतःची वेणी घालता येते का?"

तीन आठवडे आमच्या पिचरची वेणी मी घालत होते. तुझा हात छान चालतो गं, म्हणायची.

घरी येऊन बायोडेटा काढला. परिचयातून कापलेली सालं पुन्हा कॉलेजांसमोर लिहिली. संघटनेच्या ओळखीतून फोन लावले. तीन ठिकाणी पिचरने त्याच मोसमात खेळ सोडला होता. चौथ्या ठिकाणी कुणाला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांना मैदानावर गाठलं आणि सगळं तोंडावर विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझ्या कोचनी मला असंच घडवलं."

"मग तुम्ही दोनच मोसम का खेळलात?"

"मग मी कोच झालो," सर म्हणाले. पत्ता सांगावा तसं.

तो माणूस लबाड असता तर सोपं होतं. लबाडाविरुद्ध पत्रक निघतं. याचा तर विश्वास होता. मॅडम म्हणाल्या, फायनल आठ दिवसांवर आहे, नंतर बघू, आणि गोडवे तर तूच गायलेस.

मी डिलाईल रोडला गेले. पिचरच्या वडिलांनी मोबाईलमधला परिचयाचा फोटो माझ्यापुढे धरला. चार कॉलेजांनी बोलावलेला माणूस आहे, पोरी. मी सालं सांगितली, वेणीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंस, का आत्ता बोलतेयस?" पिचर मला गॅलरीत घेऊन गेली. "फायनलला निवडवाले बसणार आहेत. ते होऊ दे. मग तू नेशील त्या डॉक्टरकडे येते. तोवर तोंड बंद ठेव ना यार."

फायनलच्या तिसऱ्या इनिंगला प्रत्येक चेंडूबरोबर तिचा चेहरा पांढरा पडायला लागला. मी उठले, मास्क काढला आणि अंपायरला सांगितलं, मी खेळत नाही. वाटलं, कॅचर नाही म्हणजे मॅच थांबेल. मोर्च्यात रस्त्यावर बसलं की गाड्या थांबतात, तोच हिशेब. सरांनी दोन मिनिटांत राखीव कॅचर उभी केली. पिचर माझ्याकडे न बघता म्हणाली, "पत्रकबाज."

आम्ही जिंकलो. तिची युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली. शिबिराच्या पहिल्या सकाळी डॉक्टरने सगळ्यांना दोन्ही हात कानांपर्यंत वर करायला लावले. तिचा उजवा खांद्याच्या रेषेत थांबला. दुपारी ती चाळीत परत होती. माझ्याशी ती आजतागायत बोलत नाही.

वर्ष संपलं तसे सर गेले. गेल्या आठवड्यात कळलं, गिरगावातल्या एका कॉलेजने त्यांना घेतलंय. मी तिथे गेले, तर तिथल्या जिमखान्याच्या मॅडम मीटिंगमध्ये होत्या. आवारात मुली जमल्या होत्या. एकीला विचारलं, तुमची पिचर कोण? ती म्हणाली, अजून ठरली नाही, सर उद्या निवडणार आहेत. मग तिने आपला हात गोल फिरवून दाखवला. तिचं बघून बाकीच्यांनीही.