जावयाचं तेल

आमच्या गावात जावयाला नाही म्हणत नाहीत. लाखनीपासून आत, तलावाच्या पाळीला लागून आमचं गाव. जावई आला की तो मागेल ते वाढायचं, तो सांगेल ते ऐकायचं, आणि त्याची गाडी धूळ उडवत गेली की मग ओसरीवर बसून त्याला हसायचं. ही रीत मी लहानपणापासून पाहते आहे. तिच्यापायी ट्रॅक्टरचं इंजिन मरायला टेकेल असं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

ट्रॅक्टर बाबांनी घेतला तेव्हा मी शाळेत होते. आता त्याचा मूळ रंग कोणता हे पाहुण्यांना सांगावं लागतं. बाबांचे गुडघे गेले आणि मी सासर सोडून माहेरी आले, तेव्हापासून तो मी चालवते. सासरची कहाणी इथे नको. रोवणीच्या आधी आमच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखल मी करते, शेजाऱ्यांच्या बांध्यांतही मीच करते. परत आलेल्या लेकीच्या ताटाकडे लोक कसे बघतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या सीटवर बसले की माझं जेवण फुकटचं नसतं. म्हणून त्या इंजिनाचं खोकणंसुद्धा मला ओळखू येतं.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचा नवरा तिला घेऊन आंबे खायला आला. नागपुरात राहतो, नवी मोटार आहे, आणि मोटारीचं सगळं ज्ञान मोबाईलवर पाहून मिळवलेलं. मी तेव्हा ट्रॅक्टरचं तेल बदलायच्या तयारीत होते. लाखनीहून आणलेला नेहमीच्या जाड्या मिनरल तेलाचा डबा पायाशी होता. हा पांढरी पँट सांभाळत आला, डबा बुटाच्या टोकाने फिरवून पाहिला आणि हसला.

"बाबा, हे तेल आता कोणी वापरत नाही. फुल सिंथेटिक टाका. इंजिन लोण्यावानी चालते. दहा हजार किलोमीटर पाहाचं कामच नाही."

ट्रॅक्टरचं काम तासांवर मोजतात, किलोमीटरवर नाही. आमच्याकडची शेळीही हे सांगू शकली असती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "जावईबापू, इंजिन जुनं आहे, त्याले पातळ तेल झेपत नाही." तो माझ्याशी बोललाच नाही. बाबांकडे वळून म्हणाला, "ताईले भेव वाटून राहिलं." बाबा हसले. ओळखीचा ट्रॅक्टर-मिस्तरी तिथेच आंबा चोखत बसला होता, त्यानेही होकाराची मुंडी हलवली. जावई मोटारीतून आपला डबा घेऊन आला. डब्यावर मोटारीचं चित्र होतं. चांगलं मोठं, लाल, चकचकीत मोटारीचं चित्र. ते कोणाला दिसलं नाही. त्याने स्वतःच्या हाताने तेल ओतलं, कमी पडलं ते गावातून तसलंच मागवलं, आणि वर बहिणीने त्याचे हात धुवायला पाणी दिलं.

पाऊस आला, पऱ्हे वर आले, चिखलाचे दिवस सुरू झाले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती वेळेत बांधीत गेली नाहीत की जून होतात, मग लावा की जाळा, सारखंच. पहिल्याच बांधीत इंजिन तापलं तसा ऑईल प्रेशरचा काटा खाली बसला. इतकी वर्षं इंजिन चालू असताना तो काटा मी असा पडलेला पाहिला नव्हता. मी इंजिन बंद केलं, खाली वाकून पाहिलं, तर तेल गळत होतं. जुन्या तेलाच्या मळीने ज्या फटी धरून ठेवल्या होत्या, त्या या तेलाने धुऊन काढल्या होत्या.

मिस्तरी आला. म्हणाला, "सिंथेटिक वाईट नाही राहात बाई, पण हे मोटारीचं आहे. घासलेल्या इंजिनले जाडंच पाहिजे." हे शहाणपण उन्हाळ्यातही त्याच्याजवळ होतं. तेव्हा ते आंब्याच्या कोयीसोबत चोखत बसला होता.

मी तेल काढायला पान्हा घेतला तर बाबा आडवे आले.

"आता काढू नोको. आखाडीले जावई येऊन राहिला. त्यानं आपल्या हातानं टाकलं न आपण फेकून देलं, असं दिसन. बरं नाही वाटत."

"आन् पऱ्हे?"

"थोडं थोडं चालव. मी वरतून तेल टाकतो."

आणि खरंच, तो माणूस सकाळी वरून जाडं तेल टाकायचा, खाली तगारी ठेवायचा आणि डागावर धानाचा कोंडा पसरायचा, म्हणजे जावयाला दिसू नये. गुडघ्यांमुळे ज्यांना बांधीपर्यंत चालवत नाही ते बाबा कोंडा पसरायला उकिडवे बसत होते. मला त्यांचा इतका राग आला होता की दयाही येत नव्हती. मी थोडं चालवायची, काटा पडला की बंद करून बांधावर बसायची. शेजाऱ्यांनी वाट पाहून दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आखाडीच्या सणाला लेक-जावई आले. वडे तळले होते. जावई जेवताना म्हणाला, "मंग बाबा, सिंथेटिकनं कसं चालून राहिलं?"

"लोण्यावानी," बाबा म्हणाले.

तेवढ्यात अंगणात कोंबड्यांनी कोंडा उकरला. आमच्या घरात खरं बोलणाऱ्या तेवढ्याच होत्या. काळा डाग उघडा पडला, तगारीत टपटप चाललेलं तेलही दिसलं. जावयाने घास हातातच ठेवून विचारलं, "हे काय झालं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाई दाबून चालवते. बाईमाणसाच्या हातात इंजिन टिकते का?"

वडे वाढत होते ते मी ठेवून दिले. अंगणात गेले, तगारी सरकवली आणि जावई बघत असताना त्याचं सगळं तेल खाली सोडलं. पाण्यासारखं पडलं. मग नेहमीचं जाडं तेल भरलं, फिल्टर बदलला, इंजिन चालू केलं. ते तापेपर्यंत तिथेच उभी राहिले. काटा वर जाऊन थांबला. गळती पुरती थांबली नाही, थोडी राहिली, ती अजूनही आहे. सणाच्या दिवशी गावात कोणी बांधीत उतरत नाही. मी उतरले. पऱ्हे जून व्हायच्या आत आमची रोवणी झाली. शेजाऱ्यांच्या बांध्या मात्र माझ्या हातून गेल्या त्या गेल्याच, कारण बाबांचं ते वाक्य जावयाने जाता जाता पानठेल्यावर सांगितलं होतं. यंदाही ते लोक दुसऱ्यालाच बोलावून राहिले आहेत. कारण विचारलं की हसतात.

परवा तेल बदलायचं होतं. मी पान्हा घेऊन ट्रॅक्टरपाशी उभी होते. बाबा लाखनीला निघाले, फाटकात थांबले आणि त्यांनी फोन लावला. मला वाटलं दुकानदाराला लावला. तो जावयाला होता. कोणतं तेल आणू, असं विचारत होते. पलीकडून बराच वेळ काही सांगणं चाललं होतं, बाबा मान डोलावत होते. फोन खिशात ठेवून ते माझ्याकडे वळले. चेहरा खूश होता.

"जाडं मिनरलच आणतो," ते म्हणाले. "जुन्या इंजिनले तेच लागते म्हणे. तुले माहीत नसन."